मुक्या जनावरांसाठी दिलेला पैसा



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या पेन्शनीतून जनावरांसाठी काही रक्कम बाजूला ठेवली होती, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्या रकमेत भर घालून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक गटांना दरवर्षी मदतनिधी द्यायचा, असं व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळानं यंदा ठरवलं आहे. तो कसा द्यावा, यावर मी बोलावं अशी मला सूचना आहे. माझी नोकरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्या समित्यांवर मी काम केलं. तेव्हा हा विषय मला दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाला.

जनावरांवर पैसा खर्च करावा का, हा प्रश्न आज या सभागृहात कोणी विचारणार नाही. बेंदराच्या सणाला बैलाच्या शिंगांना रंग लावणारा हा मुलूख आहे. प्रश्न पुढचा आहे. पैसा देताना आपण नेमकं काय मोजतो? मेलेली कुत्री, ऑपरेशनं, छावणीतली डोकी, की बांधलेल्या खोल्या? कारण अनुदान ज्या गोष्टीवर मोजून दिलं जातं, ती गोष्ट वाढते. बाकीचं जिथल्या तिथे राहतं. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. ते खरं कसं, हे आपल्याकडच्या उदाहरणांवरून दाखवतो.

सुरुवात मुंबईपासून करू. १८३२ साली मुंबईत भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावरून दंगल झाली. सरकारनं कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे पैसे मिळत होते. ज्याला कुत्र्यामागे पैसे मिळणार, तो भटकं कोणतं आणि पाळलेलं कोणतं हे कशाला बघत बसेल? माणसं अंगणातल्या, दारातल्या कुत्र्यांवर चालून जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. ते लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, आणि इतर समाजांतले लोकही त्यांना येऊन मिळाले.

दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. तो चालायचा कशावर? व्यापाऱ्यांनी आपल्या व्यवहारांवर स्वतःहून पट्टी बसवली होती. माल विकला गेला की त्यातला ठरलेला छोटा हिस्सा पांजरापोळाला जायचा. ही व्यवस्था जरा बारकाईनं पाहा. पैसा दरवर्षी येणार, थोडा का होईना पण येत राहणार, आणि तो एखाद्या जनावरावर किंवा एखाद्या इमारतीवर अडकवलेला नाही. दाणावैरण, पाणी, गुराख्याचा पगार, जे लागेल ते त्यातून भागवायचं. ही संस्था पावणेदोनशेहून अधिक वर्षं टिकली, त्यात या पट्टीचा वाटा फार मोठा आहे असं मी मानतो. दोन वर्षांच्या अंतरानं एकाच शहरात पैसा द्यायच्या दोन रीती दिसल्या. दोन्हींचं फळही दिसलं.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८७४ साली मुंबईत प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था निघाली. परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई हे जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडून प्राण्यांवरच्या क्रूरतेचा विषय लावून धरला. त्यातून १९६०चा कायदा आला आणि १९६२ साली भारतीय जीवजंतु कल्याण मंडळ स्थापन झालं. रुक्मिणीदेवीच त्याच्या पहिल्या अध्यक्ष. या कायद्यात जनावराला क्रूरपणे वागवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड ठरला. तो दंड आजही तेवढाच आहे. दंडातून उभं राहण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून जे काही व्हायचं ते अनुदानातून आणि देणगीतून.

आता मी कुत्र्यांकडे वळतो आणि इथे जरा जास्त वेळ घेतो. आज सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर आहेत.

२०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली, त्यातली बारा लाखांहून अधिक महाराष्ट्रात. कायदा काय सांगतो? २००१चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३चे नियम यांचा गाभा एकच आहे. कुत्रं पकडा, निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या, कानाला खाच द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. यासाठी जीवजंतु कल्याण मंडळाच्या योजनेत अनेक वर्षं एका कुत्र्यामागे ४४५ रुपये मिळत होते. अलीकडच्या सुधारित योजनेत तो दर ८०० रुपये झाला. नगरपालिका आपली निविदा काढते तेव्हा तिचा दर वेगळा असतो, पण पद्धत तीच: एक कुत्रं, एक ऑपरेशन, एक बिल.

या बिलाची खात्री कशी होते, हे तुमच्यापैकी फार कमी जणांनी पाहिलं असेल. ऑपरेशन झालं की काढलेले अवयव फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवतात. देखरेख समितीची माणसं येतात, बरणी रिकामी करून एकेक नग मोजतात, नोंदवहीशी ताळा करतात, आणि मग बिलावर सही होते. खोटी ऑपरेशनं दाखवून पैसे उचलले जाऊ नयेत, म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती हवीच. पण त्या बरणीसमोर उभं राहिल्यावर मला दर वेळी एक प्रश्न पडे. या बरणीवरून किती कुत्री झाली हे कळतं. कोणती झाली, हे कुठे कळतं?

पकडणाऱ्यांची गाडी सकाळी निघते. दिवसाला अमुक इतकी कुत्री आणायची असतात. मग हाती कोण लागतं? चहाच्या टपरीजवळचं, बिस्किटाला येणारं, कोणी हात लावला तरी शांत राहणारं कुत्रं. खाणीच्या मागं पिल्लं घातलेली, माणूस दिसला की पळणारी बिथरलेली कुत्री हाती लागत नाही, कारण तिच्यामागे दोन दिवस घालवायचे तर त्या दोन दिवसांचं बिल निघत नाही. पुढच्या सहा महिन्यांत पिल्लं कोण घालणार? तीच. शंभर ऑपरेशनं दहा वॉर्डांत दहा-दहा अशी विखुरली तर बिल शंभरांचं निघतं, पण एकाही वॉर्डात कुत्र्यांची संख्या हलत नाही. एकाच वॉर्डातल्या दहापैकी सात-आठ कुत्री एका फेरीत झाली तरच फरक पडतो. लोक विचारतात, इतके लाख खर्च झाले, कुत्री कमी का दिसत नाहीत? त्याचं कारण हे आहे. ऑपरेशनं खोटी नसतात. ती विखुरलेली असतात.

उलट शेजारचं गोवं बघा. २०१३-१४च्या सुमारास तिथे मिशन रेबीज ही संस्था आली. आधी बाहेरच्या देणग्या होत्या, मग राज्य सरकारनं पैसा आणि मनुष्यबळ दोन्ही घातलं. हातात जाळी घेतलेली पथकं गल्लीगल्लीतून फिरली, कुत्र्याला धरलं, लस टोचली, अंगावर रंगाची खूण केली आणि तिथल्या तिथे सोडलं. प्रत्येक नोंद मोबाइलवरून नकाशावर. त्यानंतर दुसरी माणसं त्याच गल्ल्यांतून फिरली आणि रंग असलेली किती, नसलेली किती हे मोजून आली. दहात सातांना रंग दिसला नाही तर पथक त्या भागात परत गेलं. वर्षाला लाखाच्या आसपास लसी. जोडीला शाळाशाळांतून धडे, आणि संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी फोन. २०२१च्या जूनमध्ये गोवा राज्य रेबीज-नियंत्रित असल्याचं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, तेव्हा सलग तीन वर्षं तिथे रेबीजनं एकही माणूस दगावलेला नव्हता.

गोव्यातही मोजणी होती, आणि बरणीतल्या मोजणीपेक्षा कडक होती. पण मोजला जात होता तो भाग, ती वस्ती. कुत्रं हाताला लागायला सोपं की अवघड, हा प्रश्न पथकाला सोडवावाच लागायचा, कारण अवघड कुत्री सुटली की टक्का खाली यायचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. या रोगात मुलं फार जातात. चेहऱ्याला, हाताला चावा बसतो आणि घरी सांगायची भीती वाटते. लसीचा टक्का हा आपल्या मुलांच्या जिवाचा टक्का आहे.

गेल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात जे झालं त्याचीही आठवण करून देतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश निघाला. अकरा दिवसांनी त्यात बदल होऊन निर्बीजीकरण आणि लस झालेली कुत्री परत सोडायला मुभा मिळाली, रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळून. न्यायालयात आलेल्या व्यक्तींनी २५ हजार आणि संस्थांनी दोन लाख रुपये कुत्र्यांच्या सोयींसाठी भरावेत, असंही त्या आदेशात होतं. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवण्याचा आदेश आला. शाळेच्या आवारात मुलं सुरक्षित असली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण निवारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर इमारत येते. तुम्ही हिशेब करून बघा. एका कुत्र्याला खाणं, औषध, साफसफाई मिळून दिवसाला पन्नास रुपये धरा. वर्षाला १८,२५०. कुत्रं दहा वर्षं जगलं तर १,८२,५००. एका कुत्र्याचे. इमारतीचं उद्घाटन एका दिवसात उरकतं, ही दहा वर्षं कोण देणार? ज्या निवाऱ्यात हा पैसा आटतो, तिथे आधी खाणं कमी होतं, मग माणसं कमी होतात, मग एका पिंजऱ्यात सहा कुत्री जातात आणि रोग शिरतो. तसा निवारा मी पाहिला आहे. तिथल्या कुत्र्यांपेक्षा रस्त्यावरची कुत्री सुखात होती, एवढंच सांगतो.

आता गुरांकडे येतो. माण, खटाव, सांगोला, आटपाडी, जत या भागांतल्या लोकांना दुष्काळातली चारा छावणी म्हणजे काय हे मी सांगायला नको. २०१९च्या दुष्काळात सरकारनं मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० आणि लहान जनावरामागे ४५ रुपये दिले, पुढे मे महिन्यात ते १०० आणि ५० झाले. या छावण्यांनी लाखो जनावरं कसायाच्या दारातून आणि उपासमारीतून वाचवली, हे मी ठामपणे सांगतो. पण पैसा डोक्यावर होता, म्हणून डोकी वाढली. जनावरांचे आकडे फुगवल्याचं तपासण्यांत उघड झालं, मग टॅग, चित्रीकरण, भरारी पथकं अशी यंत्रणा वाढत गेली. वैरण किलोवर मोजली गेली. मोजलं गेलं नाही ते काय? सावली किती, पाणी जनावरापर्यंत पोचतं की जनावराला पाण्यापर्यंत चालत जावं लागतं, लाळ्या-खुरकुतची लस झाली का, गाभण गाई वेगळ्या बांधल्या का. शेळ्यामेंढ्यांचा विचार तर फार उशिरा झाला, आणि हा सगळा धनगरांचा मुलूख. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं २०१२च्या दुष्काळात छावणी चालवली, ती लोकांच्या देणग्यांवर उभी होती. शेतकऱ्यांची कुटुंबंच तिथे जनावरांबरोबर राहायला आली. माणसांची सोय आणि जनावरांची सोय एकत्र करावी लागते, हे त्या मोकळ्या पैशामुळे शक्य झालं.

पांजरापोळ आणि गोशाळांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती वर्तमानपत्रात येत नाही. बेकायदा वाहतुकीचा ट्रक पोलीस पकडतात. त्यातली जनावरं जवळच्या गोशाळेत सोडतात. ती जनावरं त्या दिवसापासून खटल्यातला मुद्देमाल असतात. ती विकता येत नाहीत, कोणाला देता येत नाहीत. २०१७च्या नियमांप्रमाणे त्यांच्या पोटापाण्याचा खर्च न्यायदंडाधिकारी ठरवतात आणि तो मालकावर बसतो. पण प्रत्यक्षात मालक येत नाही, खटला लांबतो आणि कडब्याची पेंढी मात्र रोज लागते. पोलिसांचं काम पंचनाम्याबरोबर संपतं, देणगीदाराचं समाधान सुटकेच्या फोटोबरोबर संपतं, आणि गोशाळेचा खर्च त्या दिवशी सुरू होतो. देशी गाईमागे रोज पन्नास रुपये अनुदान द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२४ साली घेतला, तो स्वागतार्हच आहे. पण त्याच गोठ्यात उभ्या असलेल्या म्हशीचं, रेड्याचं, संकरित गाईच्या गोऱ्ह्याचं पोट त्यात धरलेलं नाही. तीही ट्रकमधूनच आलेली असतात.

मग देणाऱ्यांच्या बाकी वाटा कोणत्या? कंपनी कायद्यात २०१३पासून सामाजिक दायित्वाच्या यादीत प्राणिकल्याण हा विषय आहे. म्हणजे ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना जो दोन टक्के खर्च करावा लागतो, त्यातून हे काम होऊ शकतं. पण कंपनीला गाडी द्यायला आवडते. गाडीवर नाव रंगवता येतं. माझ्या माहितीतल्या एका गटाला सुंदर रुग्णवाहिका मिळाली. डिझेल आणि चालक यांची तरतूद त्या देणगीत नव्हती. गाडी संस्थेच्या दारात उभी, आणि जखमी वासरू पलीकडच्या वाडीत. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२०च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेनं दुसरीला तो पैसा द्यायला बंदी घातली. मोठ्या संस्थांच्या हातून लहान गटांपर्यंत जो ओघ येत होता तो आटला. आणि प्राण्यांच्या कामात पगार हाच मुख्य खर्च असतो. मागच्या पायांनी लुळं पडलेलं कुत्रं दर काही तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर अंगाखाली जखमा होतात आणि त्यांत अळ्या पडतात. ते वळवणारा हात म्हणजे माणूस, आणि माणूस म्हणजे पगार. त्याला वरखर्च म्हणायचं का? मी म्हणणार नाही.

शिवाय पैसा कधी येतो हेही बघा. उन्हाळ्यासाठी मागितलेलं अनुदान पुष्कळदा पावसाळ्यात हाती येतं. वरातीमागून घोडं. गट तोवर कर्ज काढून, कोणाची तरी बांगडी गहाण ठेवून वैरण आणतात. आणि मार्चअखेर आली की उरलेला पैसा कुठल्या तरी खरेदीत घालवायची घाई होते. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते पाणी दुसऱ्या कामासाठी ठरलेलं होतं, हे आपण विसरतो. ठरलेल्या कामापेक्षा समोरचा जीव मोठा ठरवायचा अधिकार काम करणाऱ्याला असला पाहिजे. म्हणून माझं म्हणणं आहे, निधीतला काही भाग कोणत्याही बाबीखाली न बांधता द्या. त्याचा हिशेब घ्या, पैन्‌पैचा घ्या. पण कशावर खर्च करायचा ते आधी ठरवून देऊ नका.

आता आपल्या मंडळाच्या निधीबद्दल. रक्कम मोठी नाही, हे मला कार्यवाहांनी सांगितलं. लहान रकमेनं पुष्कळ होतं, जर ती एका जागी लागली तर. पाच गटांना थोडं थोडं वाटू नका. गावातली एक पेठ घ्या, एक वाडी घ्या, आणि तीन वर्षं तिला धरून बसा. त्या पेठेतली कुत्री आधी मोजा. शाळेतली मोठी मुलं आणि पेठेतले लोक मिळून दोन सकाळींत ते करतील, फक्त लांबून, हात न लावता. मग निर्बीजीकरण आणि लस यांत किती टक्के आलं, एवढंच गटाला विचारा. नगरपालिकेचं टेंडर चालू असेल तर त्यांच्या पथकाला याच पेठेत सलग काम करायची विनंती करा आणि तुमचा पैसा त्या अवघड, हाती न येणाऱ्या कुत्र्यांमागे लागणाऱ्या वेळासाठी ठेवा.

दुसरं, कुत्री धरणाऱ्या आणि पिंजरे धुणाऱ्या माणसांना रेबीजची लस आधीच टोचून द्या, चावा बसायची वाट न बघता. मी तपासलेल्या अर्जांत ही बाब क्वचितच दिसली. जो हात सगळ्यात जास्त धोक्यात असतो, त्याच्यासाठी कोणी पैसे मागत नाही आणि कोणी देत नाही.

तिसरं, किती जनावरं दगावली हे गटांना मोकळेपणानं सांगू द्या. ज्या अहवालात एकही मृत्यू नसतो तो मला कधी खरा वाटला नाही. मृत्यू सांगितला म्हणून पुढचा हप्ता अडवायचा नाही, असं आधीच लिहून द्या, म्हणजे ऑपरेशननंतर टाका का उसवला, वासरू रात्री का गेलं, याची चर्चा होईल आणि पुढचं जनावर वाचेल. पहिला हप्ता काम सुरू व्हायच्या आधी द्या. अर्ज एका पानाचा, मराठीत ठेवा. नोंदणी आणि प्राप्तिकर सवलत यांची कागदपत्रं ज्यांच्याकडे नाहीत, पण जे गेली अनेक वर्षं बाजारपेठेत रोज पहाटे जखमी जनावरांना औषध लावतात, अशा माणसांना तुमच्या मंडळाच्या छत्राखाली घ्या. मंडळ नोंदलेलं आहे. औषधवाल्याचं, वैरणीचं बिल मंडळानं थेट भरलं तर कायद्याचीही अडचण येत नाही.

आणि शेवटची विनंती निवड समितीबद्दल. तिची पहिली बैठक पुढच्या महिन्यात आहे असं कळलं. तिच्यावर डॉक्टर असतील, वकील असतील, निवृत्त अधिकारी असतील, माझ्यासारखे. त्यांच्या जोडीला नगरपालिकेच्या श्वानपथकातला एक कर्मचारी घ्या, गोशाळेत शेण काढणारी एक बाई घ्या, आणि ज्या पेठेत काम करायचं ठरेल तिथली एक आई घ्या, जिचं मूल कुत्र्यांच्या भीतीनं एकटं शाळेत जात नाही. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा. त्याआधी या तिघांना सुटी नसते.